स्वयंपाकघरातील वजनकाट्याने स्थायू, द्रव आणि वायू यांचे गुणधर्म मोजण्याची रीत

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात द्रव्याच्या तीन अवस्थांचा एक तक्ता असतो. स्थायूला निश्चित आकार आणि निश्चित आकारमान असते, द्रवाला निश्चित आकारमान असते पण आकार नसतो, आणि वायूला दोन्ही नसते. तक्ता बरोबर आहे आणि तो विद्यार्थ्यांना पाठही असतो. मात्र हातातील वस्तू पितळेची आहे की तांब्याची, हवेला वजन किती असते, किंवा ३० अंशांनी तापवल्यावर लोखंड, पाणी आणि हवा यांपैकी कोण किती फुगते, या प्रश्नांची उत्तरे त्यात मिळत नाहीत. ही उत्तरे आकड्यांत असतात आणि त्यांपैकी बहुतेक आकडे घरी काढता येतात. पुढील मांडणीत प्रत्येक मोजमापासोबत त्यातील संभाव्य चूक किती, याचाही हिशोब दिला आहे, कारण चूक किती असू शकते याचा अंदाज नसलेला आकडा इतर आकड्यांशी ताडून पाहता येत नाही.

साहित्य आणि त्याची तपासणी

स्वयंपाकघरात वापरतात तो ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅमपर्यंत वाचन देणारा डिजिटल वजनकाटा बहुतेक प्रयोगांना पुरतो. २०० ग्रॅमपर्यंतचा, ०.०१ ग्रॅम वाचन देणारा खिशातील काटा मिळाल्यास लहान वस्तूंचे काम अधिक नेमके होते. याशिवाय सुई काढलेली १० मिलिलिटरची सिरिंज, बारीक दोरा, काचेचे रुंद भांडे, घट्ट झाकणाची लहान काचेची बाटली, फुटबॉल आणि उणे १० ते ११० अंश सेल्सिअस वाचणारी प्रयोगशाळेतील तापमापी हवी. ताप मोजण्याचा थर्मामीटर येथे चालत नाही; त्याचा पल्ला साधारण ३५ ते ४२ अंशांचा असतो आणि काचेचा असल्यास गरम पाण्यात तो फुटतो.

काट्याची तपासणी पाण्याने करावी. ३० अंश तापमानाला १ मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान ०.९९६ ग्रॅम असते. सिरिंजमध्ये बुडबुडे न राहू देता नेमके १० मिलिलिटर पाणी घेऊन ते काट्यावरील वाटीत सोडावे आणि असे पाच वेळा करावे. एकूण वाढ ४९.८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १ ग्रॅमच्या काट्यावर ४९, ५० किंवा ५१ दिसली, तर काटा आणि सिरिंज दोन्ही विश्वासार्ह आहेत. येथे एक खोड लक्षात ठेवावी लागते. शून्याजवळ असताना अगदी हळूहळू वाढणारे वजन अनेक डिजिटल काटे शून्यच धरतात, आणि थेंब थेंब पाणी टाकले तर काही ग्रॅम कोठे गेले ते समजत नाही. म्हणून पुढील सर्व प्रयोगांत काटा शून्यावर आणण्याचे बटण न दाबता आधीचा आकडा लिहावा, नंतरचा आकडा लिहावा आणि वजाबाकी करावी.

तापमापीसाठी बर्फाचा चुरा करून तो जेमतेम भिजेल इतक्या पाण्यात ठेवावा आणि पाच मिनिटे ढवळत राहावे. वाचन ० अंश यायला हवे. अर्धा अंश कमी-जास्त आल्यास तो फरक वहीत लिहून ठेवून पुढील प्रत्येक वाचनात दुरुस्त करावा.

स्थायूची घनता: दोरा, भांडे आणि दोन वाचने

अनियमित आकाराच्या वस्तूचे आकारमान काढण्यासाठी भांड्यातील पाण्याची पातळी किती चढली हे पाहण्याची पद्धत सर्वांना ठाऊक असते, परंतु ती फारशी नेमकी नाही. त्यापेक्षा उत्तम रीत काट्यावरच आहे. पाण्याने निम्मे भरलेले भांडे काट्यावर ठेवून वाचन लिहावे. वस्तू दोऱ्याने बांधून, दोरा हातात किंवा काट्याला न टेकणाऱ्या आधारावर धरून, ती पाण्यात पूर्ण बुडवावी. ती तळाला किंवा भिंतीला लागू देऊ नये. काट्याचे वाचन वाढते, आणि ही वाढ जितके ग्रॅम, तितकेच घन सेंटिमीटर त्या वस्तूचे आकारमान असते. पाणी वस्तूला तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतक्या प्लावक बलाने वर ढकलते, वस्तू तितक्याच बलाने पाण्याला खाली दाबते, आणि हा दाब भांड्यामार्फत काट्यावर येतो. उरलेला भार दोरा पेलतो. आर्किमिडीजचे तत्त्व याहून सोप्या रीतीने प्रत्यक्ष पाहायला मिळत नाही, असे माझे मत आहे.

समजा, पिवळसर धातूच्या एका जुन्या वजनाचे वस्तुमान २५४ ग्रॅम भरले. पाण्याच्या भांड्याचे वाचन ६१२ होते, वस्तू बुडवल्यावर ते ६४२ झाले. वाढ ३० ग्रॅम, म्हणून आकारमान ३० घन सेंटिमीटर आणि घनता २५४ भागिले ३०, म्हणजे ८.४७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. आता चूक किती असू शकते याचा हिशोब करावा. १ ग्रॅमच्या काट्यावर प्रत्येक वाचनात अर्ध्या ग्रॅमची शंका असते. दोन वाचनांच्या वजाबाकीत ती १ ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. म्हणजे खरी वाढ २९ ते ३१ यांमध्ये कोठेही असेल आणि घनता ८.१९ ते ८.७६ यांमध्ये असेल. लोखंडाची घनता ७.८७ आणि तांब्याची ८.९६ असल्याने ती वस्तू या दोन्हींपैकी नाही, आणि पितळेच्या नेहमीच्या ८.४ ते ८.७ या पल्ल्यात ती नीट बसते. साध्या काट्यावरून इतका ठाम निष्कर्ष निघतो. पाण्याची घनता अगदी १ नसून ३० अंशांना ०.९९६ असते, त्यामुळे उत्तरात ०.४ टक्क्याचा फरक पडतो, पण काट्याची शंका ३ टक्क्यांची असताना ही दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. ०.१ ग्रॅमचा काटा असेल तर मात्र ती करावी.

ताडून पाहण्यासाठी काही आकडे जवळ असावेत. ॲल्युमिनियम २.७, साधी काच सुमारे २.५, सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट २.८ ते ३.०, शिसे ११.३, चांदी १०.५ आणि शुद्ध सोने १९.३. कोकणातील जांभा दगड मात्र या पद्धतीला सहज वश होत नाही, कारण तो सच्छिद्र असल्याने बुडवताच पाणी पितो आणि वाचन सरकत राहते. त्याला रात्रभर पाण्यात ठेवून, वरून पुसून मग मोजले तर छिद्रांसकट संपूर्ण दगडाचे आकारमान मिळते; छिद्रे वगळून दगडाच्या घट्ट भागाचे आकारमान हवे असल्यास कोरड्या दगडाच्या वस्तुमानातून भिजलेल्या दगडाचे पाण्यात टांगलेल्या स्थितीतील वजन वजा करण्याचा लांबचा हिशोब करावा लागतो. घरच्या कामाला बेसॉल्टचा गोटा बरा.

सोन्याच्या बाबतीत ही रीत उपयोगी असली तरी तिच्या मर्यादा आधी समजून घ्याव्यात. २२ कॅरेटच्या सोन्याची घनता साधारण १७.५ ते १७.८ असते, म्हणून १० ग्रॅमच्या भरीव वळ्याने वाचन सुमारे ०.५७ ग्रॅमने वाढेल; तेवढ्याच वजनाचे सोन्याचा मुलामा दिलेले पितळी वळे सुमारे १.१८ ग्रॅम वाढ दाखवेल. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर हा फरक लपत नाही. मात्र ज्या दागिन्याच्या आत लाख भरलेली असते किंवा पोकळी असते, त्याचे उत्तर खोटे येते. शिवाय टंगस्टनची घनता १९.२५ असल्याने आत टंगस्टन दडवलेले सोन्याचे बिस्कीट या परीक्षेत बिनदिक्कत उत्तीर्ण होते. घनता जुळली नाही तर धातू तो नव्हे हे सिद्ध होते. जुळली तर तोच आहे हे सिद्ध होत नाही.

तरंगणाऱ्या वस्तूसाठी, उदाहरणार्थ लाकडाच्या तुकड्यासाठी, दोऱ्याऐवजी लांब सुईने वस्तू पाण्याखाली दाबून धरावी. वाढ पुन्हा आकारमानच सांगते. पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थासाठी पाण्याऐवजी खाद्यतेल वापरावे आणि आलेली वाढ तेलाच्या घनतेने, म्हणजे सुमारे ०.९१ ने, भागावी. ५० ग्रॅम खडीसाखरेने तेलात २८ ते २९ ग्रॅमची वाढ दाखवली की तिचे आकारमान सुमारे ३१ घन सेंटिमीटर आणि घनता १.६ च्या जवळ येते. धाग्याची खडीसाखर मिळाल्यास दोरा बांधण्याचा त्रासही वाचतो. सर्व प्रयोगांत वस्तूला चिकटलेले हवेचे बुडबुडे हाच मुख्य शत्रू असतो. वस्तू बुडवल्यानंतर दोरा हलकेच झटकून ते सुटू द्यावेत.

वाळूबद्दल एक शंका हमखास विचारली जाते: ती भांड्याचा आकार घेते आणि ओतता येते, मग तिला स्थायू का म्हणायचे? याचे उत्तरही काट्यावर मिळते. कोरडी वाळू वाटीत शिगोशीग न भरता काठोकाठ सपाट भरून वजन करावे. मग तिच्यात वरपर्यंत येईल इतके पाणी सावकाश ओतून पुन्हा वजन करावे. वाटीच्या आकारमानाच्या साधारण ४० टक्के पाणी मावते. म्हणजे वाटीत १०० घन सेंटिमीटर जागेतील वाळूचे कण फक्त ६० घन सेंटिमीटर असतात आणि उरलेली जागा हवेची असते. ओघळते ती ढिगाची रचना. प्रत्येक कण आपला आकार सोडत नाही, आणि त्याची घनता, २.६५, गारगोटीचीच असते.

द्रवाची घनता: एकच बाटली, दोनदा वजन

द्रवासाठी मापपात्राच्या रेघांवर विसंबण्याची गरज नाही. लहान कोरड्या बाटलीचे झाकणासह वजन करावे. ती पाण्याने काठोकाठ भरून झाकण लावावे, बाहेर सांडलेले पाणी पुसून वजन करावे. पाणी काढून, बाटली पूर्ण वाळवून, त्याच पद्धतीने दुसरा द्रव भरून वजन करावे. द्रवाच्या वस्तुमानाला पाण्याच्या वस्तुमानाने भागले की सापेक्ष घनता मिळते. बाटलीचे आकारमान किती हे माहीत असण्याचीही आवश्यकता नसते. अट एवढीच की दोन्ही द्रव एकाच तापमानाला असावेत, आणि त्यासाठी ते काही तास एकाच खोलीत ठेवावेत. खोबरेल तेल ०.९१ ते ०.९२, ग्लिसरिन १.२६, मध साधारण १.४ आणि समुद्राचे पाणी सुमारे १.०२५ येते. समुद्राच्या पाण्याचा फरक १ ग्रॅमच्या काट्यावर पाहायचा असेल तर बाटली किमान अर्ध्या लिटरची घ्यावी.

गाईच्या दुधाची घनता १.०२८ ते १.०३२ या अरुंद पट्ट्यात असते, आणि दूध संकलन केंद्रावरील लॅक्टोमीटर हाच आकडा मोजतो. त्यावरील २८ म्हणजे १.०२८. येथे घनतेच्या परीक्षेतील एक जुनी पळवाट समजून घेण्यासारखी आहे. पाणी घातल्याने दुधाची घनता कमी होते, पण साय काढल्याने ती वाढते, कारण स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असतो. साय काढून नंतर बेताने पाणी घातले तर लॅक्टोमीटर पुन्हा २८ दाखवतो. म्हणूनच केंद्रावर घनतेसोबत फॅटही मोजले जाते.

पेट्रोल पंपावरील फलकावर रोज लिहिलेली घनता १५ अंश तापमानाला रूपांतरित केलेली असते. दुपारच्या उन्हात मोजलेली घनता त्यापेक्षा कमी येणारच. तो फरक दिसला म्हणून भेसळ आहे असे समजू नये, रूपांतराचा तक्ता मागून घ्यावा.

हवेचे वजन

फुग्याची प्रसिद्ध परीक्षा, म्हणजे काठीच्या एका टोकाला फुगवलेला आणि दुसऱ्या टोकाला रिकामा फुगा टांगून हवेला वजन असते हे दाखवणे, दिसते तितकी सरळ नाही. फुगलेला फुगा जितकी हवा बाजूला सारतो तितके प्लावक बल त्याला वर ढकलते आणि आतील हवेचे वजन जवळजवळ पूर्ण फिटते. काठी झुकते ती रबराच्या ताणामुळे आतील हवा किंचित दाबली गेलेली असते म्हणून, आणि तो फरक फारच थोडा असतो. फुटबॉल यासाठी कितीतरी चांगला, कारण पूर्ण गोल झाल्यानंतर त्यात आणखी हवा भरली तरी त्याचे आकारमान जवळजवळ वाढत नाही. प्लावक बल तेच राहते आणि वाढलेले वजन निखळ हवेचे असते.

पंपाने फुटबॉल कडक भरून वजन करावे. पंपाच्या पोकळ सुईला बारीक रबरी नळी जोडावी. २ लिटरची शीतपेयाची बाटली पाण्याने भरून, तोंड हाताने झाकून, पाण्याच्या बादलीत उलटी धरावी आणि नळीचे दुसरे टोक तिच्या तोंडात घालावे. सुई चेंडूत खुपसताच हवा बाटलीत जाऊ लागते. बाटलीतील पाणी संपत आले, आतील आणि बाहेरील पाण्याची पातळी सारखी झाली, की सुई काढावी. चेंडू पुसून पुन्हा वजन करावे. २ लिटर हवा गेल्याने वजन २ ते ३ ग्रॅमने घटलेले दिसेल. समुद्रसपाटीला ३० अंशांना कोरड्या हवेची घनता लिटरला सुमारे १.१६ ग्रॅम आणि पुण्याच्या उंचीवर सुमारे १.१ ग्रॅम असते. १ ग्रॅमच्या काट्यावर एका बाटलीने हा आकडा फार ढोबळ येतो. चेंडू पूर्ण गोल राहील तोपर्यंत दुसरी बाटलीही भरून घ्यावी. साधारण साडेपाच लिटर आकारमानाचा मोठा चेंडू कडक भरलेला असेल तर त्यातून ४ लिटरपर्यंत हवा मिळते आणि शंका निम्म्याने कमी होते. चेंडू मऊ पडून चेपू लागला की थांबावे, कारण तेथून पुढे प्लावक बल बदलू लागते.

वायूंच्या घनतेतील फरक घरात प्रत्यक्ष महत्त्वाचा ठरतो तो स्वयंपाकाच्या गॅसबाबत. सिलिंडरमधील गॅस प्रोपेन आणि ब्युटेन यांचा असतो. प्रोपेन हवेच्या दीडपट, तर ब्युटेन दुप्पट जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत, ओट्याखाली, मोरीच्या खोलगट भागात साचतो. म्हणून गळतीसूचक यंत्र जमिनीपासून थोड्याच उंचीवर लावायचे असते आणि खालच्या बाजूची हवा खेळती ठेवायची असते. नळाने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असून तो हवेपेक्षा बराच हलका असतो, म्हणजे त्याचे सूचक यंत्र छताजवळ हवे. सिलिंडरऐवजी नळाचा गॅस घेतल्यावर जुने यंत्र त्याच जागी राहू देणे ही चूक सर्रास होते. गॅसचा वास आल्यास कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, आणि गॅसवर घनतेचे प्रयोग कधीही करू नयेत.

दाबून पाहणे

सिरिंजचा दट्ट्या १० च्या रेघेवर आणून तिचे तोंड खोडरबरावर घट्ट दाबावे, रबर काट्यावर ठेवावे आणि वाचन लिहावे. आता दट्ट्या सावकाश खाली दाबून ५ च्या रेघेवर थांबवावा. हवेचे आकारमान निम्मे झाले म्हणजे दाब दुप्पट झाला. बॉइल यांनी १६६२ साली मांडलेला नियम तो हाच. बाहेरून वातावरणाचा दाब दट्ट्यावर आधीपासूनच असतो, म्हणून हाताने द्यावा लागणारा जादा दाब एका वातावरणाइतका, समुद्रसपाटीला चौरस सेंटिमीटरला सुमारे १.०३ किलो, असतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ काढण्यासाठी व्यास मोजण्याची आवश्यकता नाही: ० ते १० च्या रेघांमधील अंतर ५.७ सेंटिमीटर असेल तर १० घन सेंटिमीटर भागिले ५.७, म्हणजे १.७५ चौरस सेंटिमीटर. त्यामुळे काट्याने सुमारे १.८ किलो दाखवायला हवे.

प्रत्यक्षात आकडा जास्त येतो, कारण रबरी दट्ट्याचे घर्षणही हातालाच पेलावे लागते. त्यावर उपाय असा: दाबत नेऊन ५ वर थांबताना एक वाचन घ्यावे, नंतर हाताचा भार हळूहळू कमी करत दट्ट्या ५ वरून वर सरकू लागण्याच्या क्षणी दुसरे वाचन घ्यावे. पहिल्यात घर्षण मिळवलेले असते, दुसऱ्यातून वजा झालेले असते. दोन्हींची सरासरी घेतली की ते फिटते. या सरासरीला क्षेत्रफळाने भागले तर आपल्या गावाचा वातावरणीय दाब मिळतो. त्यात ५ ते १० टक्क्यांची शंका धरावी, म्हणजे मुंबई आणि पुणे यांच्या दाबांमधील ६ टक्क्यांचा फरक या साधनाने ठामपणे दाखवता येणार नाही.

आता तीच सिरिंज बुडबुडे काढून पाण्याने भरावी आणि तेवढाच भार द्यावा. दट्ट्या हलत नाही. पाणी अजिबात दाबले जात नाही असे मात्र नव्हे. एका वातावरणाच्या जादा दाबाने त्याचे आकारमान १० लाख भागांत सुमारे ४६ भाग कमी होते, आणि तेवढे डोळ्यांना दिसत नाही. हवेत रेणूंमधील मोकळी जागा रेणूंच्या स्वतःच्या आकाराच्या मानाने प्रचंड असते, तर पाण्यात रेणू एकमेकांना लागून असतात. याच कारणाने ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पायदान दबते, परंतु गाडी थांबत नाही.

तापवून पाहणे

३० अंशांवरून ६० अंशांवर नेल्यास पोलादाचे आकारमान सुमारे ०.१ टक्का, पाण्याचे सुमारे १.२५ टक्के आणि मोकळ्या हवेचे जवळजवळ १० टक्के वाढते. तीन अवस्थांमधील भेद इतका स्वच्छ दाखवणारे दुसरे तीन आकडे क्वचितच सापडतील. पाण्याचा आकडा घरी मोजायचा असेल तर अर्ध्या लिटरची काचेची बाटली ३० अंशांच्या पाण्याने काठोकाठ भरून वजन करावे, ६० अंशांच्या गरम पाण्याच्या पातेल्यात तोंड वर ठेवून अर्धा तास उभी करावी, वर आलेले पाणी वाहून जाऊ द्यावे, बाहेरून पुसून पुन्हा वजन करावे. सुमारे ६ ग्रॅम पाणी कमी भरते. काचही किंचित प्रसरण पावते, पण तो भाग १ ग्रॅमच्या आत असतो. हवेसाठी कोरड्या सिरिंजमध्ये ५ मिलिलिटर हवा घेऊन तोंड मेणाने बंद करावे, ती गरम पाण्यात बुडवावी आणि दट्ट्या अधूनमधून बोटाने फिरवत राहावे, नाहीतर घर्षणामुळे तो अडकून बसतो. तो साधारण साडेपाचच्या रेघेपर्यंत येतो.

पोलादाची वाढ घरी मोजता येत नाही, पण लांबी मोठी असली की तीच वाढ डोळ्यांत भरते. १३ मीटरचा रूळ ४० अंशांच्या फरकाने सुमारे ६ मिलिमीटर लांब होतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती आधी तापवून फुगवतात आणि चाकावर बसताच पाणी ओतून आवळतात, तेही याच गुणधर्माच्या आधारे.

वितळणे, गोठणे, उकळणे

शुद्ध पदार्थ वितळत असताना उष्णता देत राहिले तरी तापमान वाढत नाही, ही गोष्ट वाचून पटत नाही, पाहून पटते. बर्फाच्या चुऱ्यात तापमापी ठेवून मंद आचेवर ढवळत दर मिनिटाला वाचन लिहावे. शेवटचा कण वितळेपर्यंत ते ० जवळच रेंगाळते. ही लपलेली उष्णता, म्हणजे अप्रकट उष्मा, बर्फासाठी ग्रॅमला ३३४ जूल असते. तिचा पडताळा असा घ्यावा: थर्मासमध्ये ४० अंशांचे ३०० ग्रॅम पाणी घ्यावे आणि ओघळत नसलेला, पुसलेला ५० ग्रॅम बर्फ त्यात टाकून ढवळावे. ० अंशांचे ५० ग्रॅम पाणी टाकले असते तर मिश्रण सुमारे ३४ अंशांवर थांबले असते. बर्फाने ते सुमारे २३ अंशांपर्यंत उतरते. मधले ११ अंश निव्वळ वितळण्याने खाल्लेले असतात.

बाष्पीभवनाला लागणारी उष्णता याहून कितीतरी जास्त, ३० अंशांना ग्रॅमला सुमारे २४३० जूल असते. ३ लिटर पाणी असलेल्या लहान माठातून ३० ग्रॅम पाणी पाझरून उडाले आणि बाहेरून उष्णता आत आली नाही असे धरले, तर पाणी जवळजवळ ६ अंशांनी थंड होते. माठ रात्री आणि सकाळी काट्यावर ठेवला तर किती पाणी उडाले ते समजते. पावसाळ्यात हवा दमट असताना हा आकडा घटतो आणि माठाचे पाणीही फारसे गार होत नाही.

उकळण्याच्या बाबतीत १०० अंश हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. साधारण दर ३०० मीटर उंचीला उत्कलनांक १ अंशाने उतरतो. पुण्यात तो सुमारे ९८, महाबळेश्वरी साडेपंच्याण्णव आणि कळसूबाईच्या माथ्यावर सुमारे साडेचौऱ्याण्णव अंश असतो. तापमापी तपासताना ही दुरुस्ती विसरू नये. कुकर नेमके उलटे करतो: आतील दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट झाला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते. दाबाचा परिणाम पाहण्यासाठी सिरिंजमध्ये ७० अंशांचे ३ मिलिलिटर पाणी घ्यावे, हवा काढून टाकावी, तोंड बंद करून दट्ट्या जोराने ओढावा; आचेवर नसतानाही पाणी खळखळून उकळते. हे काम मोठ्यांनी करावे आणि हातात जाड फडके घ्यावे. वरणाला लवकर उकळी यावी म्हणून किंवा ते अधिक तापावे म्हणून मीठ घालण्यात तथ्य नाही. एका लिटर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ घातले तेव्हा कोठे उत्कलनांक १ अंशाने चढतो, आणि तसे वरण कोणी खाणार नाही.

तक्त्यात न बसणारे

थंडीत गोठलेले खोबरेल तेल पुढच्या प्रयोगाला उत्तम. त्याचा घट्ट तुकडा वितळलेल्या खोबरेल तेलात टाकला तर तो बुडतो, कारण बहुतेक पदार्थ गोठताना आक्रसतात आणि घट्ट होतात. बर्फ पाण्यावर तरंगतो, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि बर्फाची घनता ०.९२ च्या खाली येते. भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नये ती यासाठीच. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळते, परंतु ते अनेक स्निग्ध पदार्थांचे मिश्रण असल्याने बर्फासारखी सपाट रेषा त्याच्या आलेखात मिळत नाही. तुपाचा आलेख तर आणखी पसरट असतो. रवाळ तुपात घट्ट कण आणि पातळ तूप दोन्ही एकाच तापमानाला शेजारी नांदतात. अशा पदार्थाचा द्रवणांक एका आकड्यात न लिहिता, मऊ होऊ लागण्याचे आणि पूर्ण पातळ होण्याचे अशी दोन तापमाने लिहावीत.

डांबर हा याहून चिवट प्रकार आहे. थंड डांबराच्या गोळ्यावर हातोडी मारली तर तो काचेसारखा फुटतो, पण तोच गोळा उन्हात ठेवला तर काही दिवसांत चपटा होऊन पसरतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली सुरू केलेल्या प्रयोगात नरसाळ्यातील डांबराचे आजवर जेमतेम नऊ थेंब पडले आहेत. घरी हे पाहायचे असल्यास रस्त्याच्या कामाजवळून मागून आणलेला लिंबाएवढा गोळा जुन्या ताटलीत, उन्हाच्या खिडकीत ठेवावा, त्याच्या तळाचा घेर खडूने आखावा आणि दर आठवड्याला त्याच वेळी नवा घेर आखून शेजारी तारीख आणि खोलीचे तापमान लिहावे.